कचारगडची शिळा कोणी ढकलली?

गोंदिया जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला सालेकसा तालुका आहे. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. हावडा–मुंबई मार्गावरच्या दरेकसा स्टेशनवर उतरून धनेगावची वाट धरली की जंगलातल्या डोंगरात कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा लागते. एरवी या वाटेवर फारशी वर्दळ नसते. माघ पौर्णिमेच्या आगेमागे मात्र महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा राज्यांतून गोंड समाज इथे लोटतो. पिवळे दुपट्टे, सप्तरंगी झेंडे, ढोल-मांदरीचा आवाज आणि ज्याच्या त्याच्या तोंडी 'जय सेवा'. समाजाच्या श्रद्धेनुसार कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्ममार्ग, इथून सुरू झाला.

ही यात्रा किती जुनी आणि तिचा अर्थ काय, यावर समाजात मतं वेगवेगळी आहेत. खालच्या संवादातले मामा आणि भाची ही त्यातल्या दोन भूमिकांची रूपं आहेत. मामा धानाची शेती करतात आणि दरवर्षी कचारगडला जातात. भाची नागपुरात इतिहास शिकते. दोघंही गोंड आहेत आणि दोघांनाही या यात्रेची सारखीच काळजी आहे.

भाची : मामाजी, लहानपणापासून मी तुमच्या मागे कचारगड चढले. आता वर्गात कोणी विचारलं की तुमचा हा सण किती जुना, तर मी काय सांगू? तुम्ही म्हणता हजारो वर्षांचा. आजी म्हणते, तिच्या तरुणपणी एवढी यात्रा नव्हती.

मामा : दोन्ही खरं आहे, पोरी. आधी गोष्ट ऐक, मग वर्षं मोज. माता कली कंकालीची तेहतीस लेकरं जंगो रायताड मातेच्या आसऱ्याला वाढत होती. लेकरं अवखळ. शंभू शेकनं त्यांना गुहेत कोंडलं आणि तोंडाशी शिळा लावली. माय बाहेर टाहो फोडत राहिली. शिळा काही हलेना. मग पहांदी पारी कुपार लिंगोनं हिरासुका पाटालीरला सोबत घेतलं. हिरासुका वादक होता. त्याच्या वाजवण्यानं आतल्या लेकरांच्या अंगात बळ आलं, त्यांनी जोर लावला आणि शिळा गडगडली. हिरासुका तिच्याखाली सापडून गेला. सुटलेल्या लेकरांना लिंगोनं जगायचं कसं ते शिकवलं, गोत्रं लावून दिली, देव वाटून दिले. म्हणून लिंगो आपला मुठवा, आद्य गुरू. माघ पौर्णिमेला आपण त्या सुटकेच्या जागी जातो.

भाची : गोष्ट मला पाठ आहे आणि प्रियही आहे. माझं म्हणणं एवढंच की यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक, कोंडलेल्या लेकरांची कथा. दोन, ती गुहा म्हणजे हीच कचारगडची गुहा, हा दावा. तीन, माघ पौर्णिमेची ही मोठी यात्रा. तिघींचं वय एक नाही. इतिहासात आधी ती वेगवेगळी करावी लागतात.

मामा : कर. पण कथेचं वय कसं काढशील? ती कोणी लिहून ठेवली नव्हती.

भाची : लिहून ठेवली होती, आणि इथेच मी तुमच्या बाजूची आहे. नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी होते. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांनी प्रधान, म्हणजे गोंडांच्या कथा गाणाऱ्या समाजातल्या, गायकाकडून लिंगोचं लांबलचक गाणं गोंडीत उतरवून घेतलं. १८६३ साली ते बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्या गाण्यात महादेव गोंडांवर चिडतो, त्यांना गुहेत कोंडतो, तोंडाशी सोळा हात लांबीची शिळा लावतो आणि भस्मासुराला पहाऱ्यावर बसवतो. पार्वतीला आपले गोंड दिसेनासे होतात, तेव्हा ती व्याकूळ होऊन तप करते. शेवटी लिंगो त्यांना सोडवतो. म्हणजे कोंडणं, शिळा, आईची तळमळ आणि लिंगोनं केलेली सुटका हा कथेचा कणा निदान दीडशे वर्षांपूर्वी घट्ट उभा होता. कोणत्याही चळवळीनं तो रचलेला नाही.

मामा : मग भांडण कशाचं?

भाची : जागेचं. त्या गाण्यात गुहा धवलगिरीच्या बाजूची आहे. कोंडण्यातून चार गोंड निसटतात आणि काचीकोपा लोहागडला जाऊन लपतात. म्हणजे कोंडलेली गुहा वेगळी आणि लोहागड वेगळा. आज आपण 'कोयली कचारगड लोहागड' असं एका दमात म्हणतो आणि दोन्ही जागा इथेच आणतो. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ १९१६ सालचा. त्या काळच्या अभ्यासकांची नजर या कथेसाठी पचमढीच्या महादेव डोंगराकडे होती. सालेकसा त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

मामा : त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं म्हणून इथल्या लोकांच्याही नव्हतं, हे कोणत्या कागदात लिहिलंय? साहेब जिथवर घोड्यानं गेले तिथवरचं त्यांनी लिहिलं. एका प्रधानाकडून ऐकलेलं गाणं हे एका प्रधानाचं गाणं झालं. मंडल्याचा प्रधान वेगळं गातो, चांद्याचा वेगळं, लांजीकडचा आणखी वेगळं. तुझ्या पुस्तकात जे आलं ते मूळ आणि आमच्या तोंडी जे राहिलं ते नंतरचं, असं का धरायचं?

भाची : हा आक्षेप मला मान्य आहे. छापील पाठ आधी मिळाला म्हणून तो जुना ठरत नाही. पण मग आपल्याही बाजूनं तोच न्याय हवा. 'हीच ती गुहा' असं ठामपणे सांगायला आपल्याजवळ श्रद्धा आहे, पुरावा नाही. जागेची ही ओळख जगासमोर कोणी मांडली? मोतीरावण कंगाली यांनी. १९४९चा जन्म, रामटेक तालुक्यातल्या दुलारा गावचे, नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी, आणि उरलेलं सगळं आयुष्य गोंडी भाषा, गोंडी लिपी आणि कोया पुनेमच्या अभ्यासाला दिलेलं. त्यांनी गावोगाव फिरून गाणी-कथा जमवल्या आणि कचारगडला त्या कथेशी जोडलं. १९८०च्या दशकात ते, 'गोंडवाना दर्शन'चे संपादक सुन्हेरसिंह ताराम आणि सोबतचे मोजके कार्यकर्ते इथे येऊ लागले. त्यातून आजची यात्रा उभी राहिली. म्हणजे यात्रेचं वय चार दशकांचं. कंगालींबद्दल मला आदर आहे. पण त्यांनी सिंधू लिपी गोंडीतून वाचली, ते वाचन जगातल्या बहुतेक अभ्यासकांनी मान्य केलेलं नाही. मोठ्या माणसाचं प्रत्येक म्हणणं सिद्धच असतं असं नाही.

मामा : सिंधू लिपीचं मला कळत नाही, त्यावर मी बोलणार नाही. कचारगडचं कळतं. चार दशकांचं वय सांगताना तुझा सूर असा लागला की जणू वय कमी निघालं म्हणून किंमतही कमी झाली. ते आले तेव्हा आपली काय गत होती ते तुला माहीत नाही. शाळेत मास्तर गोंडी बोललं की हसायचे. पोरं घरीसुद्धा मराठी नाहीतर हिंदी बोलू लागली. लग्नपत्रिकेवर आपला देव छापायला लाज वाटायची. एका जिल्ह्यातल्या गोंडाला दुसऱ्या जिल्ह्यातला गोंड ओळखत नव्हता. अशा वेळी ही माणसं दरेकशाला उतरली, जंगल तुडवत गुहेपाशी आली आणि म्हणाली, या, आपली सुरुवात इथे आहे. त्या हाकेला लोक आले. आले ते का आले? कथा आधीपासून त्यांच्या आत होती म्हणूनच ना!

भाची : वय कमी निघाल्यानं किंमत घटते असं मला म्हणायचंच नाही. उलट जगभर हेच दिसतं. आयर्लंडचं उदाहरण घ्या. तिथे १ फेब्रुवारीला इंबोल्क नावाचा सण असतो. केल्टिक लोकांच्या वर्षात तो हिवाळा सरत आल्याची खूण. मेंढ्या विण्याच्या बेतात असतात, कासेत दूध उतरतं. दहाव्या शतकाच्या आसपासच्या एका आयरिश शब्दकोशात या सणाचा संबंध मेंढीच्या दुधाशीच जोडलाय. जुन्या आयरिश वीरकथांत वर्षाच्या चार टप्प्यांपैकी एक म्हणून त्याचं नाव येतं. पण त्या दिवशी लोक नेमकं काय करत, यावर जुनी साधनं जवळजवळ मुकी आहेत. तोच दिवस पुढे संत ब्रिजिडचा झाला. तिच्या आधी त्याच नावाची देवी होती. देवीचं किती संतिणीत उतरलं, यावर विद्वान अजून भांडतात.

मामा : म्हणजे तिथेही मामा-भाची आहेत म्हण.

भाची : आहेत. तिथल्या तारा नावाच्या टेकडीवर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं आहे. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याचा प्रकाश त्याच्या आतल्या वाटेत शिरतो. काही जण म्हणतात, पाहा, सण पाच हजार वर्षांचा. दुसरे म्हणतात, थडगं बांधणारे लोक वेगळे, त्यांची भाषाही आपल्याला माहीत नाही, त्यांना केल्टिक सणाच्या नावानं कसं बांधता? किल्डेअरला ब्रिजिडच्या नावानं अखंड अग्नी तेवत असल्याचं बाराव्या शतकातल्या एका प्रवाशानं लिहिलंय. तो पुढे विझला. १९९३ साली तिथल्या जोगिणींनी तो पुन्हा पेटवला. २०२३पासून आयर्लंडच्या सरकारनं ब्रिजिडच्या नावानं सार्वजनिक सुट्टी सुरू केली. घरोघर लव्हाळ्याचे क्रॉस विणतात, ते लोकांनी जपलं. अग्नी विझला होता, तो पुन्हा लावला. सुट्टी तर अगदी कालची. तिन्ही मिळून आजचा सण होतो, आणि कोणता भाग कधीचा हे ते लोक मोकळेपणानं सांगू शकतात. मला कचारगडबद्दल तसं सांगता यायला हवं.

मामा : पण आयर्लंडच्या माणसाला त्याचं सरकार सुट्टी देतं. आपल्याला अजून जनगणनेत धर्माचा रकाना मागावा लागतो. २०११ला दहा लाखांहून जास्त लोकांनी 'इतर धर्म' या सदरात गोंड किंवा गोंडी धर्म असं लिहून दिलं. ज्याचं घर पक्कं आहे त्याला विटेचं वय सांगायला भीती वाटत नाही. आपण 'यात्रा चार दशकांची' म्हटलं की उद्या कोणी म्हणेल, मग धर्मही चार दशकांचाच.

भाची : ती भीती मला कळते. पण उपाय उलटा आहे. आपण 'सगळंच हजारो वर्षांचं' म्हटलं आणि त्यातलं एक जरी चुकीचं निघालं, तर समोरचा सगळंच खोटं ठरवतो. 'कथा १८६६च्या आधीपासून छापायला तयार होती, देवांची व्यवस्था त्याहून जुनी आहे, यात्रा आम्ही १९८०च्या दशकात उभी केली' असं म्हटलं तर कोणाची बिशाद आहे खोडून काढायची? आणि दिवसाचं काय? माघ पौर्णिमाच का, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

मामा : लिंगोनं लेकरं सोडवली तो दिवस म्हणून. याहून वेगळं कारण कशाला हवं?

भाची : मला एक कारण शेतात दिसतं. आपला जिल्हा धानाचा. दिवाळीच्या आधी हलकं धान निघतं, मग भारी धान. पौषापर्यंत चुरणे होऊन धान घरात येतं. बांध्यांत उतेऱ्याची लाखोळी उभी असते, ती जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढते, तिला रोज माणूस लागत नाही. मोहफूल गळायला अजून महिना-दीड महिना आहे, तेंदूपत्ता तर त्याहून लांब. वर्षभरात हातात धान्य आणि अंगाला सवड अशी एवढीच वेळ. नाले पुरते आटलेले नसतात, वाटेत पाणी मिळतं. थंडी उतरणीला लागलेली. आणि पौर्णिमा असली की रात्रीही जंगलाची वाट दिसते. चालत येणाऱ्या माणसांना जमायला याहून चांगली रात्र सापडणार नाही.

मामा : हे तू बरोबर बोललीस. माझा बाप म्हणायचा, कणगी भरली की पाय घरात राहत नाहीत.

भाची : आणि म्हणूनच या दिवसांत आपल्याच लोकांचे सण एकामागून एक लागतात. पौष अमावस्येला तेलंगणातल्या आदिलाबादकडे केसलापूरला मेस्राम कुळाची नागोबा जत्रा. महाराष्ट्राच्या सीमेजवळ जंगूबाईचं ठाणं, तेही गुहेतच, आणि तिथली यात्राही पौषातच. मेडारमला कोया लोकांची सम्मक्का-सारलम्मा जत्रा दर दोन वर्षांनी माघ पौर्णिमेच्या सुमाराला. एवढी ठाणी, एवढ्या वेगळ्या कथा, आणि ऋतू एकच. म्हणून मला वाटतं की ऋतू आधीचा आहे आणि कथा त्यावर येऊन बसली. २०२६ साली तर माघ पौर्णिमा नेमकी १ फेब्रुवारीला आली. आयर्लंडमध्ये इंबोल्क आणि इथे कचारगड, एकाच तारखेला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हिवाळा संपवणारा सूर्य तेवढा दोघांचा एक.

मामा : ऋतूनं माणसं मोकळी होतात, हे मान्य. पण मोकळी झालेली माणसं बाजारालाही जाऊ शकतात, लग्नालाही जाऊ शकतात. ती एका गुहेपाशी का जातात, हे ऋतू सांगत नाही. तुझं कारण 'कधी'चं आहे. माझं कारण 'कशाला'चं आहे.

भाची : मग 'कशाला' ते सांगा. कथा परत सांगू नका, यात्रेत काय घडतं ते सांगा.

मामा : मागच्या यात्रेतलं सांगतो. पायथ्याशी मोकळ्या शेतात लोकांनी मुक्काम ठोकला होता. तीन दगडांची चूल, वर भाताचं गंज, बाजूला लाखोळीच्या डाळीचं भांडं. आमच्या शेजारच्या चुलीवर शहडोलकडचं एक कुटुंब होतं. त्यांची हिंदी वेगळी, आपली मराठी वेगळी. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं पहिला प्रश्न विचारला, 'देव कितने?' मी बोटं दाखवली, सहा. त्यानं सात दाखवली आणि हसून हात जोडले. म्हणाला, 'तब तो सगा हुए.' त्याच्या मागून एक पोरगा आला, तो सहा देवांचा निघाला. तो माझ्या पाया पडला आणि मला काका म्हणाला. गाव माहीत नाही, भाषा पुरती कळत नाही, तरी दोन बोटांच्या हिशोबात कोण भाऊ आणि कोण सोयरा हे ठरलं. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव. आपल्या देवात लग्न नाही, दुसऱ्या देवात सोयरीक. लिंगोनं लेकरांना गुहेतून काढून हेच शिकवलं, असं कथा सांगते. ते मी त्या शेतात उघड्या डोळ्यांनी पाहिलं. आता तू सांग, हे कधीचं?

भाची : देवांची ही वाटणी फार जुनी आहे, मामाजी. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेंडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ साली ग्रंथ लिहिला. त्यात या चार, पाच, सहा, सात देवांच्या व्यवस्थेचं सविस्तर वर्णन आहे, आणि तिच्या उगमाची कथा तिथेही लिंगोपाशीच जाते. मघाशी मी तीन वयं सांगितली. त्यात चौथं घालायला हवं, नात्यांच्या या व्यवस्थेचं. ते बहुधा सगळ्यांत जुनं असावं.

मामा : बघ! तू कथेचा कणा शोधत होतीस तो शिळेत आणि गुहेत. मला तो या बोटांच्या हिशोबात दिसतो. यात्रा नसती तर शहडोलचा म्हातारा आणि मी कधी भेटलो असतो? देव होते, पण ते आपापल्या गावात बसले होते. सगळे देव एका शेतात आणले ते या यात्रेनं. म्हणून मी म्हणतो, तू जिला चार दशकांची म्हणतेस ती यात्राच मूळ गोष्टीचं काम करतेय. लेकरं वेगवेगळी कोंडली गेली होती. कोणी दारिद्र्यात, कोणी दुसऱ्याच्या भाषेत, कोणी लाजेत. कंगाली, ताराम आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी हिरासुकाचं काम केलं. वाजवलं ते त्यांनी, शिळा आतून ढकलली ती लोकांनी.

भाची : या वाक्यावर माझ्याजवळ खरंच प्रतिवाद नाही. सण नवा असूनही अर्थ जुना असू शकतो, आणि जुना अर्थ नव्या माणसांनी पुन्हा चालता केला तर तेही मूळच. पण एक गाठ अजून सुटलेली नाही. शंभूचं काय करायचं? कोंडणारा तोच. माघ पौर्णिमेला आपण सुटकेचा जयजयकार करतो आणि दोन आठवड्यांनी महाशिवरात्रीला आपलेच लोक अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडच्या यात्रेला जातात, कोणी खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीला चौरागड चढतात. चळवळीतले काही तरुण म्हणतात, हे बंद करा.

मामा : बंद करा म्हणणाऱ्यांना मी विचारतो, शंभू कोणाचा? आपल्या सांगण्यात शंभू शेक परका नाही, तो आपलाच थोर. त्यानं शिक्षा केली, लिंगोनं ती संपवली. घरातल्या वडीलधाऱ्यानं जास्तीची शिक्षा केली म्हणून त्याला घराबाहेर काढत नाहीत. पण पुढच्या वेळी लेकरांच्या बाजूनं कोण उभं राहील हे घर ठरवून ठेवतं. प्रतापगडला तर महादेवाच्या पायथ्याशी दर्गाही आहे. दोन्हीकडे माणसं डोकं टेकवतात. गोंदियाच्या मातीत एका दिवसाचं माणूस दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जातं, त्यात त्याला काही अडचण वाटत नाही.

भाची : अडचण माणसाला नाही, लिहिणाऱ्याला आहे. हिस्लॉपच्या पाठात कोंडणारा महादेव आणि तळमळणारी पार्वती. आपल्या पाठात शंभू शेक आणि कली कंकाली. यातलं मूळ कोणतं? हिंदू नावं नंतर चढली की गोंडी नावं नंतर परत आणली? मला वाटतं दोन्ही घडलं असावं. गायक आपल्या यजमानाला कळेल ते नाव वापरतो. नाव बदलतं, आईचं दुःख बदलत नाही. दोन्ही पाठांत सुटकेची सुरुवात आई रडते तिथून होते, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. गुहेच्या कथेत आपण लिंगोचं नाव मोठ्यानं घेतो, कली कंकाली आणि जंगो रायताडचं हळू. यात्रेच्या मंचावरही भाषणं करणारे बहुतेक पुरुषच. ज्या धर्माची सुरुवात दोन बायांपासून होते त्याच्या यात्रेत बायांचा आवाज स्वयंपाकाच्या चुलीपाशीच का राहावा?

मामा : हे मी यात्रेच्या समितीत बोलेन. खरंच बोलेन. आणखी एक बोलायचंय. गुहेच्या वाटेवर यात्रेनंतर प्लास्टिकचा खच पडलेला असतो. द्रोण-पत्रावळी जाऊन थर्माकोल आलं. ज्या धर्मात बडादेव साजाच्या झाडात राहतो त्याच्या यात्रेनं जंगल घाण करायचं, हे चालणार नाही. नेते येतात, मोठे मंडप लागतात, गुहेपेक्षा मंचाकडे गर्दी जास्त होते. चार दशकांत यात्रा वाढली. आता ती कशी वाढू द्यायची ते ठरवायची वेळ आहे.

भाची : मग माझीही एक मागणी आहे. कथेचे जितके पाठ अजून जिवंत आहेत तितके आता लिहून घेऊ. लिंगो गाणारे जुने प्रधान कमी होत चाललेत. त्यांची किंगरी वाजवणारी पोरं त्याहून कमी. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९.८ लाख होते, पण आपल्या गोंदियात घरात गोंडी बोलणारी गोंड कुटुंबं किती उरलीत ते तुम्हीच बघता. यात्रेत पाच राज्यांचे लोक येतात. एका मंडपात भाषणांऐवजी म्हाताऱ्या माणसांना बसवू. प्रत्येकाकडून त्याच्या गावची गोष्ट ऐकू, रेकॉर्ड करू, जशीच्या तशी ठेवू. कोणाच्या गोष्टीत तेहतीस लेकरं असतील, कोणाच्या गोष्टीत आकडाच नसेल. कोणी गुहा इथे सांगेल, कोणी पचमढीला. त्यांना एका साच्यात घालायचं नाही.

मामा : आणि कोणी 'हीच ती गुहा' म्हणालं तर त्यापुढे तू 'पुरावा नाही' असं लिहिणार?

भाची : 'लोक असं मानतात' असं लिहीन. आणि त्याच्या खाली लिहीन की असं मानणारे दरवर्षी इथे पायी येतात. पहिलं वाक्य इतिहासाचं, दुसरंही इतिहासाचंच.

मामा : चालेल. पण माझी एक अट. गोष्ट आधी गोंडीत लिहायची, मराठी नंतर. हिस्लॉप साहेबानं परका असून गाणं आधी गोंडीत उतरवलं. आपल्या लेकरांनी ते आधी मराठीत उतरवलं तर कोंडणारा शंभू नसेल, आपणच असू.

भाची : अट मान्य. मला गोंडी नीट येत नाही, मामाजी. शिकावी लागेल.

मामा : शिकायलाच तर कचारगड आहे. गुहेतून निघालेल्या लेकरांनाही काही येत नव्हतं. लिंगोनं त्यांना शिळेबाहेर नुसतं मोकळं सोडून दिलं नाही, बसवून शिकवलं. सुटका तिथे पुरी झाली. पुढच्या माघाला मंडपात पहिली तू बस, आणि तुझ्या समोर तुझी आजी.